हौसाक्कांची सावर

हौसाक्का आमच्या इमारतीत यायच्या त्या थेट गच्चीवर जायला. हातात त्यांच्याहून दुप्पट लांबीचा बांबू, टोकाला आकडी, खांद्यावर रिकामं पोतं. प्रत्येक मजल्यावर टेकायच्या, गुडघ्यांना शिव्या द्यायच्या आणि पुढे निघायच्या.

मांजरी गावातलं त्यांचं शेत इमारतींखाली गेलं होतं. उरलं होतं दोन खोल्यांचं घर आणि मागची पांढरी सावर. सासऱ्यांनी लावलेली, आमच्या गच्चीच्याही वर गेलेली. उन्हाळ्यात बोंडं फुटली की तिचा कापूस आमच्या घराघरांत शिरायचा. मग शिंका, तक्रारी, सभा. झाडांनीही सोसायटीचे नियम पाळावेत, असं आमच्या अध्यक्षांचं मत होतं. शेवटी हौसाक्कांनी सभेत येऊन शब्द दिला, "एक बोंड फुटू द्यायची न्हाई. पर माज्या झाडामागं लागू नका."

तेव्हापासून बोंडं तडकायच्या आधीच त्या ती उतरवत. खालची अंगणातून, वरची आमच्या गच्चीवरून. मग घरात दार-खिडकी लावून, तोंडाला पदर बांधून बिया वेगळ्या करत बसत. त्या निसरड्या कापसाचं सूत निघत नाही, उशीच भरायची. इमारतीत बाळ जन्मलं की हौसाक्कांची उशी पोचलीच. अध्यक्षही नातवासाठी घेऊन गेले. मी चिडले, तर म्हणाल्या, "असू द्या ताई. पोराची मान तरी मऊ ऱ्हावी. आज्याची ताठ हायच की."

कामाला माणूस लावा म्हटलं की म्हणायच्या, "लावला हुता. बोंडं ठिवली आन् फांद्या मोडून गेला."

एका वर्षी त्या दुसऱ्या मजल्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी धरून घरी नेलं. आठवड्याभरात कळलं, झाड पाडायच्या परवानगीसाठी त्यांनी स्वतःच अर्ज दिलाय. मी भांडायलाच गेले. "अहो आक्का, सभेचं मी बघते ना!"

"किती साल बघशीला ताई? दमले मी. माज्यामागं बोंडं फुटनार, आन् लोक त्याला शिव्या घालनार. सासऱ्याच्या हातचं झाड हाय. शिव्या खात उभं ऱ्हायला नको."

करवत लागली त्या दिवशी सोबतीला गेले, तर त्या एवढ्या आवाजात जमिनीवर गाढ झोपलेल्या. मी शेजारी बसून राहिले. आवाज थांबला तेव्हा जाग्या झाल्या.

"पडलं?"

"पडलं, आक्का."

त्या उठून बसल्या. "आता उन्हाळा आला तरी चालंल," म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.