घराबाहेरचा हात

नाना भगत माझ्या जळगावच्या दवाखान्यात पेशंट घेऊन यायचे आणि तो आत गेला की बाहेरच्या बाकावर आडवे होऊन चक्क घोरायचे. उठवलं तर म्हणायचे, "रातभर याना भूतसंगे भांडनू, डाक्टर. आते तुम्हीन देखा." मी मनोविकारांचा डॉक्टर, भुतांची अशी परस्पर बदली माझ्याकडे व्हायची याचा सुरुवातीला रागच यायचा. पुढे रागावण्याइतकी ताकद उरली नाही. शिवाय नाना कुणाला मारत नसत, चटके देत नसत.

पाचोऱ्याजवळच्या खेड्यात त्यांचं घर. सगळं गाव त्यांच्याकडून उतारा करून घ्यायचं, पण स्वतःच्या माणसांवरून त्यांनी कधी लिंबूसुद्धा ओवाळलं नाही. भगताचा हात घरात चालत नाही, हा त्यांचा नेम. गावातच दिलेली त्यांची लेक सुनंदा बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली, बाळाला जवळ घेईना, तेव्हा तिला घेऊन ते आले. त्या दिवशी मात्र झोपले नाहीत. "मना हात घरमा चालत नही. तुमना चालाई देखा." सुनंदा सावकाश बरी झाली.

घरात माझाही हात चालत नव्हता. पाचोऱ्याला आमच्या घरी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, अरुणच्या कानात आवाज यायचे. शेतासाठी मी विष घालतोय असं वाटून तो माझी गोळी थुंकायचा. दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यावं तर ते सगळे माझेच मित्र! शेवटी थकून एकदा नानांना हे सांगून टाकलं. "धाडा त्याले मनाकडे," ते म्हणाले.

अरुणला फसवायचं नाही, एवढीच माझी अट. तो रोज सकाळी सायकलवर त्यांच्या ओट्याशी जायचा. नाना त्याच्या तळहातावर गोळी ठेवत आणि दर वेळी बजावत, "गोयी तुना भाऊनी शे, हात फक्त मना शे." तरीही तो ती घ्यायचा. मला बरं वाटायचं, आणि वाईटही.

गेल्या उन्हाळ्यात नाना झोपेतच गेले. निरोप आला तेव्हा रडू यायच्या आधी अरुणची गोळी आठवली. त्यांच्या दारात पोचलो तर गर्दीच्या कडेला, ओट्यावरच्या नेहमीच्या जागी अरुण हात पुढे करून बसलेला. मी हळूच गोळी ठेवली. त्याने हात उलटा केला. गोळी मातीत पडली.

रडून डोळे सुजलेली सुनंदा बायकांतून उठून आली आणि माझ्यापुढे तिने हात पसरला. मी दुसरी गोळी दिली. तिने ती अरुणच्या हातावर ठेवली. "अरुणदादा, गोयी तुमना भाऊनी शे. हात फक्त मना शे."

अरुणने गोळी तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. मी तांब्या पुढे केला. त्याने तो माझ्या हातून घेतला.