बहिणीच्या विहिरीतला घसरलेला थर

शाळा मी चौथीत सोडली. पण आमच्या शिरूर कासारच्या बाजूला लोकांनी मला विचारून विहिरी खोदल्यात. वर काळी माती, मग मुरूम, मग बारीक छिद्रांचा मांजऱ्या खडक आणि त्याच्याखाली भाजल्या विटेसारखा तांबडा थर. हा तांबडा थर पाणी खाली जाऊ देत न्हाई, पाणी त्याच्या डोक्यावर थांबतं. माझ्या विहिरीत तो पाच परसांवर हाय. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमी खोली अशीच मोजतो.

धाकटी बहीण गावातच दिलेली. तिचं रान माझ्या रानाला लागून, मधे नुसता बांध. तिच्या पिकाला पाणी माझ्या विहिरीतून जायचं आणि माझ्या सुनेची कुरकुर तिच्या कानावर जायची. म्हणून तिला स्वतःची विहीर पाहिजे होती. मी बांधाजवळ जागा दाखवली, नारळ फोडला आणि चार माणसांत बोलून बसलो, की पाच परसांवर तांबडा थर न्हाई लागला तर मिशी काढीन.

पाच परस झाले. थर न्हाई. सहा झाले, तरी तोच मांजऱ्या खडक. मी म्हणालो मापाची दोरी आखडलीय. तीनदा स्वतः खाली उतरून अंगानं मोजलं. खोदणारी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जाणार होती, त्याला थोडेच दिवस उरलेले. त्यातला एक रोज सकाळी दगडमाती वर ओढायच्या यारीला दोर लावता लावता विचारायचा, आबा, न्हाव्याला निरोप देऊ का? त्याचं मला काही वाटलं न्हाई. पण एका दुपारी बहीण भाकरी घेऊन आली, काठावर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, हितंच थांबायचं का? पुढच्या साली बघू." ते लागलं. पुढचं साल म्हणजे आणखी एक वर्ष तिनं माझ्या सुनेचं ऐकायचं.

त्याच आठवड्यात पाणी मोजणाऱ्या बाई आल्या. दर काही महिन्यांनी त्या सरकारी टेप घेऊन येतात आणि माझ्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते लिहून नेतात. नवी विहीर बघितली तशा म्हणाल्या, मला खाली उतरायचंय. मी म्हणालो हे बायकांचं काम न्हाई. तोवर त्या चपला काढून यारीच्या टोपल्यात बसल्या होत्या.

खाली मावळतीच्या अंगाला, म्हणजे माझ्या रानाकडून, एक तिरका गुळगुळीत कातळ पोट काढून आत आलता. खोदणाऱ्यांनी वैतागून तो तसाच सोडलेला. बाईंनी मला त्याच्यावर तळहात ठेवायला लावला. वरून खाली हात सरळ गेला. खालून वर नेला तर बैलाच्या जिभेसारखा खरखरीत अडकायला लागला. वरून खाली बारीक ओरखडेही होते.

बाई म्हणाल्या, "बाबा, ज्या बाजूला हात गुळगुळीत जातो, त्या बाजूला इथला खडक गेला. खाली घसरला."

मी म्हणालो, जमीन घसरत न्हाई, मी उभा जन्म तिच्या पोटात काढलाय. त्या चिडल्या न्हाईत. त्यांनी सांगितलं ते असं. फार फार जुन्या काळी ही जमीन दोन्हीकडून ओढली गेली. लई खोलवरचा खडक गरम, तो कणकेसारखा ताणतो. वरचा थंड आणि ठिसूळ, तो मोडतो, आणि मोडतो तोही तिरका, तशी फट पडते. फटीखालचा खडक, म्हणजे हा कातळ, माझ्या रानाचा. फटीवर रेललेला बहिणीच्या रानाचा. ओढ लागली की रेललेल्याचा आधार सुटतो आणि तो उतारानं खाली बसतो. एका दमात न्हाई. एक हिसका, मग लई काळ गप्प, मग पुन्हा हिसका.

"मग एक बाजू खाली बसली तर बांधावर पायरी कावून न्हाई?" मी विचारलं.

उंच बाजू पावसानं झिजली, खोलगट बाजू मातीनं भरली, असं त्या म्हणाल्या. आता घसरतंय का, तर तशी काही खूण न्हाई.

मी हो म्हणालो न्हाई. पण हात कातळावरून काढलाही न्हाई. विहिरीची कड ढासळताना मी कितीदा पळालोय. ती कधी सरळ तुटत न्हाई. तिरकी चीर पडते, आणि चिरेच्या वरची दरड तिच्यावरून घसरत येते. म्हणजे हे मला ठाऊक होतं, फक्त एवढ्या मोठ्या मापाचं ठाऊक न्हवतं.

वर येऊन सांगितलं, खोदा. थर खाली बसलाय. खोदणाऱ्यानं विचारलं, किती खाली? "ते मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो. असं मी आजवर कुणापुढं बोललो न्हवतो. बहिणीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर खोचून खोदणाऱ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.

आठव्या परसाला उगवतीच्या कोपऱ्यात खडक ओला झाला. दुसऱ्या दिवशी पहारीला तांबडं लागलं आणि पाणी गुडघ्याला आलं. माणसं ऊसतोडीला जायला दोन दिवस होते. बहिणीनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मग चिमूटभर त्या तिरक्या कातळाच्या दिशेनंही टाकलं. मला म्हणाली, मिशी राहू दे, पाणी लागलं ना. मी ऐकलं न्हाई. पाच म्हणालो होतो, आठ निघालं. बाजाराच्या दिवशी आपल्या पायानं न्हाव्याकडं गेलो. घरी आलो तर सून पदरात तोंड घालून आत पळाली.

बाई पुढच्या फेरीला आल्या तेव्हा मलाच विचारलं, ते मिशीवाले बाबा कुठायत? ओळखल्यावर हसल्या. मी त्यांना लिहून घ्यायला सांगितलं, की बहिणीच्या रानातही तांबडा थर पाच परसांवरच होता, घसरायच्या आधी. त्या म्हणाल्या, कागदावर असं लिहिता येत नाही, पण बरोबर आहे. मग आमी बांध ओलांडून बहिणीची विहीर मोजायला गेलो. टेपचं एक टोक मी धरलं.