तिथीने मोजलेलं दुखणं

नेरूळच्या एका दवाखान्यात मी औषधांच्या चाचण्यांचं काम बघते. आलेल्या बाईला बसवायचं, संमतीचा फॉर्म वाचून दाखवायचा, टेप लावून मापं घ्यायची, कागद भरायचे. बारा वर्षं झाली. आता कोणी नुसतं 'फॉर्म' म्हटलं तरी माझी मान धरते.

मागच्या वर्षी एका कंपनीच्या वनस्पतींपासून केलेल्या कॅप्सूल आल्या. स्तनांचा आकार वाढतो आणि पाळीआधीचं दुखणंही कमी होतं, असा दावा. तो खरा की खोटा, हे आम्ही तीन महिने तपासायचं. निम्म्या बायकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना नुसती भुकटी, आणि कोणाला काय मिळालंय ते आम्हालाही ठाऊक नाही. फॉर्मवर सगळ्याच 'दुखतं' असं लिहायच्या आणि पडदा ओढला की हळूच विचारायच्या, "मॅडम, वाढतात ना पण नक्की?" सुरुवातीला मला हसू यायचं. मग त्याचाही कंटाळा आला.

सारसोळ्याची एक कोळीण मात्र खरंच दुखतं म्हणून आली होती. पस्तिशीची, सकाळी मासळी विकून टोपली घेऊन थेट यायची. महिन्यातले सात-आठ दिवस तिला छातीला ब्लाउजसुद्धा सोसायचा नाही. सोनोग्राफी साफ होती, त्यामुळे दोन डॉक्टरांनी आणि नवऱ्याने मिळून 'काही नाही' असं ठरवून टाकलं होतं.

"वाढला नाय वाढला, मना काय करायचा हाय?" ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "माजा दुकना कुटं तरी लिवून ठेव, बाय."

त्यासाठी वही होतीच. रोज किती दुखलं, शून्य ते दहा, जिचं तिने रोजच्या रोज आपल्या हाताने लिहायचं. महिन्याने तिने वही कोरीच परत आणली.

"घरान कुटं लिवू? एक खोली, सासरा समोर बसलेला."

पण तिला सगळं तोंडपाठ होतं. भरती-ओहोटीच्या हिशोबामुळे तिच्या घरी दिवस तिथीनेच मोजतात. "आठमीला चालू झाला, चौदशीला तर टोपली उचलवंना, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी उतरला," असं ती न अडखळता सांगायची. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, तिथींवरून तारखा काढल्या आणि वही भरली. माझ्या हाताने, तिन्ही महिने. नियम मला पाठ होता, नाही असं नाही. पण बाकीच्या बायका आमच्याच बाकावर बसून, माझंच पेन मागून, महिनाभराचे आकडे पाच मिनिटांत टाकत होत्या. चार, तीन, चार, तीन. त्यांच्यापेक्षा हिची वही खरी, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

शेवटी कंपनीची तपासनीस बाई आली. ती वह्या चाळता चाळता थांबली.

"मॅडम, हे अक्षर तुमचं आहे."

"अक्षर माझं, दुखणं तिचं."

"टेन्शन नका घेऊ, एकच केस आहे. वगळून टाकू."

चार-तीनवाल्या सगळ्या वह्या पास झाल्या. मी भांडायला हवं होतं. माझी चूक कबूल करून निदान या बाईचं म्हणणं वेगळं नोंदवा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण त्या दिवशी मी इतकी दमले होते की तपासनीस बाईने बोट ठेवलं तिथे सही केली आणि चहा मागवला. त्या सहीची मला लाज वाटते.

आठवड्याने कोळीण आली. यायची काही गरज नव्हती, माझ्यासाठी कागदात बांधून सुके बोंबील आणले होते. "लिवलास ना सगला?" तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. ते माझ्याने होईना. "तुझी वही काढून टाकली गं," मी म्हटलं. "ती मी भरली होती, नियमात बसत नाही. चूक माझी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं,

"मंग कागदावर मना दुकतच नवता?"

तिने बोंबील टेबलावर ठेवले, एक हात छातीशी आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने टोपली उचलायला गेली. पहिल्यांदा ती उचलली गेली नाही. माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. चौदस होती.