उशीर झाला नव्हता

सुमनवहिनींनी टोपली टेबलावर ठेवली आणि वरचा टॉवेल बाजूला केला. बाकावरची माणसं उठून बघायला आली. आत तळहातापेक्षा थोडं मोठं कासव होतं. टॉवेलाच्या घडीत गरम पाण्याची बाटली गुंडाळलेली होती.

म्हैस घेऊन आलेला गणपत म्हणाला, "काकी, दूध किती देतं गं हे?"

"तुज्या म्हशीपरीस बरं हाय रं. लाथ तरी नाय मारीत."

सगळे हसले. मीही हसलो. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, डॉक्टर आता काय करतात म्हणून.

मी डॉक्टर नव्हतो. कर्जत तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे लसी टोचणं, गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणं आणि साहेब नसताना प्रथमोपचार करणं. पदवी साहेबांकडे, माझ्याकडे दोन वर्षांचा डिप्लोमा. पण गावाला हा फरक माहीत नसतो. तीस वर्षं सगळे मला डॉक्टर म्हणत आले आणि मी ओ देत आलो. त्या दिवशी साहेब मीटिंगला अलिबागला गेले होते. दवाखान्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. चूक माझी आहे, दवाखान्याची नाही.

सुमनवहिनी कडावच्या. यजमान गेलेले, घरी दोन म्हशी. मुलगा कंपनीत, सून पूनम डोंबिवलीची. पूनम लग्न होऊन आली ती काचेची टाकी आणि हे कासव घेऊन. त्याचं नाव मोदक. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली जी कासवं दुकानात मिळतात, त्या परदेशी जातीतलं. सहा वर्षं तिनं त्याला वाढवलं होतं. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि जाताना सासूला म्हणाली होती, "आई, माझ्या मोदकला सांभाळा."

"काय होतंय याला?" मी विचारलं.

"चार दिस झाले, पाण्यात तिरकं तरंगतंय वो. एक बाजू वर, एक खाली. नाकातून बुडबुडे येतात. तोंड उघडून दम घेतंय. खात नाय."

"पूनमला कळवलंत?"

"नाय. तिचे दिस भरलेत. जिवाला घोर कशाला लावू तिच्या?"

"मग चार दिवस काय केलंत?"

वहिनींनी सांगितलं. तेव्हा मी ते अर्ध्या कानानं ऐकलं, पण आज शब्दन् शब्द आठवतो. थंडीचे दिवस होते, टाकीतलं पाणी गार पडत होतं. म्हणून त्यांनी कासव बाहेर काढलं आणि घमेल्यात मऊ कापडावर ठेवलं. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला लावतात तसा बल्ब घमेल्याच्या एका बाजूला, हातभर उंचीवर टांगला. नको वाटलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावं म्हणून. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात, अर्धी पाठ बुडेल इतक्याच, पाव तास ठेवायचं. तेवढ्यात ते पाणी पिई, घाण करी. मग पुसून परत उबेत. तोंड उघडून काही कोंबलं नाही.

"आज सकाळी माठाच्या पाल्याला तोंड लावलंन," त्या म्हणाल्या. "पण बुडबुडे जात नाय. म्हटलं औषध लागंल."

आजारी जनावर आपणहून पाल्याला तोंड लावतं म्हणजे ते सुधारतंय. म्हशीच्या बाबतीत हे मला पहिल्या वर्षी कळलं होतं.

मी कासव हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचं हृदय कुठे, तापमान किती असावं, सुई कुठे टोचावी, मला काही ठाऊक नव्हतं. वहिनींच्या ते लक्षात आलं असावं.

"मोठ्या डाक्टरांना फोन लावून इचारायचं का?" त्या हळूच म्हणाल्या.

गणपत समोर उभा होता. मी म्हणालो, "वहिनी, तीस वर्षं जनावरं बघतोय मी."

खात नाही म्हणजे पोटात जंत, हा आमचा पाठ झालेला हिशोब. त्यावर आमचं हमखास औषध आयव्हरमेक्टिन. गाईचे जंत, शेळीच्या गोचिड्या, बैलाची खरूज, सगळ्यावर चालतं. मी कासवाचं वजन केलं, शेळीच्या मानानं डोस काढला आणि मागच्या पायाशी कातडीखाली इंजेक्शन दिलं.

"आणि त्याला पाण्यात सोडा," मी सांगितलं. "पाण्यातला जीव तुम्ही बल्बखाली वाळवताय."

"हो का? चुकलंच माजं," वहिनी म्हणाल्या आणि टोपली घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "डाक्टर, याची मान सैल पडली. पाय पन आत घेत नाय."

मी गेलो. टाकीतलं पाणी काढून वहिनींनी त्याला पुन्हा कापडावर घेतलं होतं. मी पाय ओढून सोडला, तो तसाच लोंबत राहिला. कासवाचा पाय ओढला की ते आत घेतं, एवढं तर कोणालाही माहीत असतं. मला काहीतरी खटकलं. पण मी बोललो ते असं: "न्यूमोनिया फार पुढे गेलाय. चार दिवस घरात काढलेत. उशीर झाला वहिनी."

तिसऱ्या दिवशी सकाळी कासव गेलं.

साहेब आले होते. मी रजिस्टर पुढे केलं.

"कासव? हे कुठे भरलंत?"

"'इतर'च्या रकान्यात, साहेब."

"कारण?"

"न्यूमोनिया. उशिरा आणले."

"बरं." त्यांनी सही केली.

त्या दुपारी मी पनवेलच्या एका डॉक्टरांना फोन केला. ते पोपट, ससे, कासवं असले घरगुती प्राणी बघायचे. त्यांचा नंबर माझ्या डायरीत कधीपासून होता. मी सगळं सांगितलं. इंजेक्शनचं नाव त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"आयव्हरमेक्टिन कासवाला विष आहे," ते म्हणाले. "अंग लुळं पडतं, मग श्वासाचे स्नायू बंद पडतात. तुम्ही सांगताय तसंच."

"पण न्यूमोनिया होता ना?"

"असणारच. त्यावर त्या बाईंनी केलं तेच करायचं असतं. ऊब द्यायची, कोरडं ठेवायचं, थोडा वेळ कोमट उथळ पाण्यात सोडायचं, आणि डॉक्टर गाठायचा. माझ्याकडे आणेपर्यंत मीही फोनवर हेच सांगितलं असतं. पाला खात होतं म्हणालात ना? जगायची चांगली शक्यता होती."

मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. कडावला जायचं ठरवलं. गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. तोपर्यंत पूनमला मुलगी झाल्याची बातमी आली आणि मला ते निमित्त पुरलं. आनंदाच्या घरात कशाला?

इथपर्यंत जे झालं ते अज्ञानानं आणि ताठ्यानं झालं असं मी म्हणू शकतो. पुढचं तसं म्हणता येत नाही.

बाळ पंधरा दिवसांचं असताना पूनमचा फोन आला. मोदकचं तिला तोवर कळलं होतं.

"काका, आई रडतात नुसत्या, नीट सांगत नाहीत. त्यांनी त्याला किती दिवस घरीच ठेवला होता?"

"चार."

"आणि पाण्याबाहेर?"

"हो. बल्बखाली."

"लवकर आणला असता तर वाचला असता का?"

तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "वाचला असता कदाचित."

ती मग म्हणाली, "मला एक फोनसुद्धा केला नाही त्यांनी."

त्यानंतरही वहिनींच्या म्हशींसाठी मी कडावला जात राहिलो. चहा मिळायचा. एकदा कप हातात देताना त्यांनी विचारलं, "डाक्टर, त्यो बल्ब लावायला नको व्हता ना मी?"

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, आता काय त्याचं."

त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, मी त्यांचा दोष पोटात घालतोय.

मी रिटायर झालो. गेल्या वर्षी सुमनवहिनी गेल्या. दशक्रियेला मी गेलो, मागे उभा राहिलो, परत आलो. पुढे काही महिने जेवण गोड लागेना. शेवटी पत्ता काढून मी पूनमच्या घरी गेलो. ती दोघं मुलीला घेऊन केव्हाच खालापूरजवळ कुंभिवलीला राहायला गेली होती, वहिनींच्या मुलाची कंपनी तिथून जवळ म्हणून. असं मला वाटत होतं.

पूनम एकटी होती. मी चहा नको म्हणालो आणि एका दमात सगळं सांगितलं. इंजेक्शन, पनवेलचा फोन, तिला दिलेलं उत्तर. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला हाकलून देईल. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.

"काका, मी आईंना त्यावरून कधी एक शब्द बोलले नाही," ती म्हणाली.

"मोठेपणा आहे तुमचा."

"नाही. ऐका. मी नोकरीवर परत जायच्या वेळी आई म्हणाल्या, बाळाला मी बघते. मी पाळणाघर लावलं. त्यांना म्हटलं, तुम्हाला दगदग नको. दुपारी कधी त्या म्हणायच्या, तू पड जरा, मी घेऊन बसते. मी पडायची, पण त्याच खोलीत. इथे राहायला आलो तेही कंपनीसाठी नाही. मी हट्ट धरला म्हणून." तिनं ओढणी सोडली. "आठ वर्षांत मी माझ्या मुलीला त्यांच्याजवळ एकटी ठेवली नाही. एक ताससुद्धा. मनात एकच असायचं, या सांगणार नाहीत. काही झालं तर घरीच ठेवतील, आणि मला कळवणार नाहीत."

"आणि त्यांना ते कळत होतं," पूनम म्हणाली. "शेवटी शेवटी तर मुलगी मांडीवर आली की त्याच मला हाक मारायच्या. पूनम, ये गं इथं बस, म्हणून."

एका कासवाची चूक कबूल करायला मी गेलो होतो. मी नक्की काय केलं होतं ते मला तिथे, त्या खुर्चीत बसून कळलं.

निघताना मी विचारलं, "मी आता काय करू?"

"तुम्ही काय करणार?" ती म्हणाली. मग म्हणाली, "लिहून द्या. आजीनं नीट सांभाळलं होतं, एवढं लिहून द्या. आजीनं मोदकला नीट बघितलं नाही, असं मी मुलीला सांगितलंय, ते मला पुसायचंय."

म्हणून हे लिहिलं. सुमनवहिनींनी चार दिवस जे केलं ते सगळं वर दिलं आहे. कोणाच्या घरी कासव तिरकं तरंगू लागलं तर तसंच करावं. फक्त चार दिवस थांबू नये. एक-दोन दिवसांत कासवं बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं. कोणी सुई भरली तर औषधाचं नाव विचारावं आणि याआधी कासव तपासलंय का, तेही विचारावं. समोरचा 'नाही' म्हणाला तर रागावू नये. तो 'नाही' म्हणाला, यातच तुमच्या जनावराची अर्धी काळजी मिटली.