देवरावकाकांच्या रेडिओतला अकरा वाजताचा आवाज

आधीच सांगतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. अमावस्येला रस्त्यात उतरवलेलं लिंबू दिसलं तर पायानं बाजूला करून दुकान उघडणारा आहे. वडनेरला स्टँडजवळ माझं टीव्ही, डिश आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत लोकांनी काय काय सांगितलं नाही… एकीच्या बंद टीव्हीतून मेलेली सासू बोलायची! जाऊन पाहिलं तर भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा टीव्ही फुल आवाजात सुरू. दर वेळी कारण निघालंच. म्हणून इथले तुमचे अनुभव वाचून मी आजवर मनातल्या मनात हसत आलो. आता हसणं सोडलं आहे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. जवळच्याच एका गावातले देवरावकाका दुकानात आले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. काकांचं वय सत्तरच्या आसपास. त्यांची बायको शेवंताकाकू आदल्या हिवाळ्यात वावरात, विहिरीपाशी अटॅक येऊन गेल्या, हे मला ठाऊक होतं. घरात आता काका आणि त्यांचा एकुलता मुलगा सुनील, दोघंच.

"मिस्त्री, तिचा रेडिओ हाये ना, तो दसऱ्यापासून लावून राह्यलो," काका म्हणाले. "दिवसभर साफ लागते. पण अकरा वाजले का घुंऽऽ असा आवाज येते. अर्धा घंटा काहीच आयकू येत नाई."

काकू कापूस वेचायला जाताना तोच रेडिओ ओट्याला, म्हणजे कापूस भरायच्या कमरेच्या झोळीला, बांधून न्यायच्या. काकांना तो पुन्हा नीट ऐकायचा होता, बस. मला वाटलं सेल उतरले असतील. पण ठरलेल्या वेळी आवाज येतो म्हणजे कोणाच्या तरी घरी त्या वेळी काहीतरी सुरू होत असणार. मोटर, चार्जर, एखादा हलका एलईडी बल्ब… म्हटलं, येतो उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी त्यांच्या ओसरीवर. नवे सेल टाकले, आतले जोड तपासले, सगळं ठीक. बरोबर अकराला आवाज आला. जाड, एकसारखा घुंऽऽ… हा आवाज मी झोपेतही ओळखीन. विजेच्या तारेजवळ रेडिओ नेला की येतो तोच. घरचा मेन स्विच पाडला, तरी आवाज कायम. म्हणजे उगम घराबाहेर.

आता आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती सांगतो. रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवायचा. एका जागी आवाज एकदम बारीक होतो. तेव्हा रेडिओची टोकं ज्या रेषेत असतात, त्याच रेषेत बिघाड असतो. मग त्या रेषेनं चालायचं, आवाज वाढत गेला तर दिशा बरोबर. या युक्तीनं मी गावोगावचे फुटके चिनीमातीचे कप शोधून दिलेत, खांबावरचे. माझा तिच्यावर डोळे मिटून भरवसा आहे.

रेषा गेली घरामागे, वावराकडे. मी पुढे, काका मागे. कपाशीतून चालत गेलो आणि आवाज वाढत गेला. दोन शेतांमधला बांध असतो ना, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात, तिथं पोचलो तर रेडिओ अक्षरशः हातात थरथरत होता. आणि आता कसाही फिरवला तरी आवाज कमी होईना. असं तेव्हाच होतं जेव्हा आपण उगमावरच उभे असतो.

खाली पाहिलं. गवत आणि ढेकळं, दुसरं काही नाही. ना तार, ना खांब. जवळचा खांब दोनशे पावलांवर. ओळखीच्या लाइनमनला फोन लावला. तो म्हणाला, "या हप्त्यात शेतीची लाइन रातची हाये, भाऊ. आता पुरा फीडर बंद हाये." म्हणजे त्या शिवारात करंटच नव्हता! मला भीती नाही वाटली, खरं सांगतो. चीड आली. माझी युक्ती खोटी पडतेय म्हणून.

"इथं तं काहीच नाई," काका म्हणाले.

तेवढ्यात सुनील पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पलीकडून आला. आम्हाला त्या जागी उभं पाहून जागीच थांबला.

"इथं काऊन उभे हा तुमी?"

"आवाज इथून येऊन राह्यला म्हणते मिस्त्री," काका म्हणाले.

सुनीलनं रेडिओकडे पाहिलं. पंप न उतरवताच तो खाली बसला.

"बाबा… आई विहिरीपाशी नवती पडली. इथं पडली होती."

मग त्यानं सगळं सांगितलं. आदल्या वर्षी रानडुकरांनी उभं पीक लोळवलं होतं. कुंपणाच्या तारेत नुसता हलका झटका सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी गेली, म्हणून त्यानं तेच केलं जे अर्धी गावं करतात आणि कोणी कबूल करत नाही. मोटरच्या पेटीतून सरळ करंट कुंपणाच्या तारेत सोडला. त्या हप्त्यात लाइन रात्रीची होती, म्हणजे दिवसा तार मेलेली, हा त्याचा हिशेब. सकाळी जोड न काढताच तो नवी बॅटरी आणायला हिंगणघाटला गेला. त्याच दिवशी लाइनची वेळ बदलली, आणि अकराला करंट आला. साडेअकराला सुनील परतला तेव्हा काकूंचा हात तारेवर होता. त्यानं जोड काढला, तार गुंडाळली, आईला उचलून विहिरीपाशी ठेवलं, आणि मग ओरडला.

काकांनी धुऱ्यावरचं गवत हातानं बाजूला केलं. मग म्हणाले, "तिची चप्पल कुठं हाये?"

"नाल्यात फेकली, बाबा."

"म्या चार दिवस पाह्यली विहिरीपाशी. तुले इचारलं बी होतं."

"जळून गेलती ते."

माझ्या हातातला घुंऽऽ कधी थांबला कळलंच नाही. रेडिओवर कोणीतरी बोंडअळीचा सल्ला देत होतं. मी घाईनं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं सुनील स्वतःच पोलिस ठाण्यात गेला. केस सुरू आहे. म्हाताऱ्याच्या घरात उरलेला एकच माणूस माझ्या युक्तीनं बाहेर काढला, याचं मला फार वाईट वाटतं. आणि काकूंचं खरं दडून राहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणवत नाही.

त्यानंतर माझा रेडिओ घेऊन मी दोनदा अकराच्या ठोक्याला त्या धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. काही आलं नाही. जमिनीतली ओल, दूरची मोठी लाइन, सगळं डोक्यात घोळवून पाहिलं. वर्षभरापूर्वी काढलेल्या तारेचा आवाज रेडिओत कसा येतो, आणि तो नेमका त्याच हातभर जागेवर कसा नेतो, याचं कारण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर असेल तर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

गेल्या आठवड्यात काका दुकानात आले. पिशवीतून तोच रेडिओ काढून काउंटरवर ठेवला.

"बिघडला का, काका?"

"नाई. त्या दिवसापासून एकदम साफ लागते." रेडिओ माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तो आवाज परत आणता येईन का, मिस्त्री? अकरा वाजता मले वाटे, घरात कोणी हाये."

लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात. आणून द्या असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"पाहतो," मी म्हटलं. मिस्त्री नुसतं 'पाहतो' म्हणाला की ते होणार नाही, हे कुठल्याही गिऱ्हाइकाला कळतं. काकांनाही कळलं असणार. तरी ते रेडिओ ठेवून गेले.