आली असती

२००१ साली बाबांना अ‍ॅशबर्नमधल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी नागपूरच्या मराठी शाळेतली नववी अर्धवट सोडून इकडे अमेरिकेत आले. इथल्या हायस्कूलने परीक्षा घेऊन मला परदेशातून आलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात बसवलं. तिथल्या बाई दर आठवड्याला एका गोष्टीच्या झेरॉक्स वाटायच्या. पहिले काही महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही, पण त्या गोष्टी मात्र मी चार-चार वेळा वाचायचे.

घरी आई वाट बघत असायची. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवायला ती अजून शिकली नव्हती. नागपुरात ती दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचून काढायची. इथे वाचायला काही नव्हतं. इंग्रजी पुस्तक तिने कॉलेज सुटल्यापासून हातात धरलं नव्हतं. म्हणून शाळेतून आले की मी खाता खाता तिला त्या आठवड्याची गोष्ट मराठीत सांगायचे.

त्यातली एक बेटावर राहणाऱ्या दोन बहिणींची होती. धाकटी शहरात निघून जाते, थोरली आजारी पडते, तिने लिहिलेलं पत्र टाकायचं राहून जातं. शेवटी धाकटी परत येते, असं मी आईला सांगितलं. तिला बरं वाटलं.

नंतर मी शाळेच्या सहलीला दोन दिवस गेले. परतले तर आईने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "तू मला शेवट खोटा का सांगितलास?"

"कुठला शेवट?"

"धाकटी येत नाही. पत्र मिळालं असतं तर आली असती. 'वुड हॅव कम' लिहिलंय तिथे. आमच्या शाळेतल्या बाईंनी असली वाक्यं शंभरदा लिहून घेतली होती आमच्याकडून."

टेबलावर झेरॉक्स आणि नागपूरहून आणलेली डिक्शनरी होती. पहिल्या दोन पानांवर शब्दाशब्दावर पेन्सिलने मराठी अर्थ लिहिलेले होते. तिसऱ्या पानावर ते विरळ झाले होते. शेवटचं पान कोरं होतं. तिथवर पोचल्यावर तिला थांबायला वेळ नव्हता.

"मी मुद्दाम नाही केलं. मला तसंच वाटलं," मी म्हटलं.

"मग नीट वाच," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

सोमवारी मी बाईंना विचारलं. आईचं बरोबर होतं. धाकटी परत आली असं कोणाकोणाला वाटलं, असं बाईंनी वर्गाला विचारलं, तर अर्ध्याहून जास्त हात वर झाले. मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी एक बेट काढलं, एक पाकीट काढलं आणि पाकिटावर फुली मारली. पत्र नाही, म्हणून ती नाही, एवढंच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. एल साल्वाडोरहून आलेली एक मुलगी कधीच बोलायची नाही. ती एकदम म्हणाली, "म्हणजे पत्र पोचलंच नाही, हे थोरलीला कधी कळतच नाही?"

शिक्षिका व्हायचं तेव्हाच ठरलं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी मला फळ्याजवळून परत जागेवर जावंसं वाटत नव्हतं, इतकंच. ठरलं ते हळूहळू.

बारावीत कॉलेजचे फॉर्म आले तेव्हा बाबा म्हणाले, "इंग्लिश? अमेरिकन मुलांना तू इंग्लिश शिकवणार?"

"सगळेच अमेरिकन नसतात, बाबा."

"कॉम्प्युटर सायन्स घे. इंग्लिश साइडला कर. ऑप्शन ओपन राहतो."

आई भाजी चिरत होती. "तिला जमेल का, असं वाटत असेल तर सरळ तसं विचारा," ती म्हणाली.

बाबांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी फॉर्मवर सही केली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एका शाळेत शिकाऊ शिक्षिका होते. तिथे एका पालकाने माझ्या उच्चारांबद्दल तक्रार केली. मला वाईट वाटलं, पण सोडावंसं वाटलं नाही, आणि याचं मलाच नवल वाटलं. तोवर ग्रीन कार्ड आलं होतं. २००८ मध्ये मला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात बाबांनी माझी ओळख "ही एज्युकेशनमध्ये आहे" अशी करून दिली. एका काकूंनी विचारलं, "म्हणजे मॅथ्स?" मी म्हटलं, "इंग्लिश." त्या हसल्या आणि प्रसादाच्या रांगेकडे वळल्या.

परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "पहिल्या दिवशी काय शिकवलंस?"

"एक गोष्ट वाचून दाखवली."

"कसली?"

"एका बेटावर दोन बहिणी राहत असतात," मी सांगायला लागले. आई मागे डोळे मिटून बसली होती. घर आलं, बाबांनी गाडी पार्किंगमध्ये लावली, पण इंजिन चालूच ठेवलं. गोष्ट संपल्यावर "बरं," म्हणाले आणि किल्ली काढून उतरले.