जर्मनीतली मारबत

आई नागपूरहून निघाली तेव्हा शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "जाय वं, पण तिकडंच राहू नोको." आई म्हणाली, "मी कायले राहू? पाहुणी म्हणून चालली." बाबा गेल्याला वर्षही झालं नव्हतं. मी तिला कायमचं न्यायला आलो होतो, आणि ते तिला सांगायची माझी छाती होत नव्हती.

जर्मनीत मी मानवी भूगोल शिकवतो. आमच्या विषयात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, माणसं जागेबद्दल जे बोलतात त्यातून ती जागा घडते. दुसरं म्हणतं, बोलणं सोडा, माणसं तिथं रोज काय करतात ते बघा. या दोघांची सोयरीक जुळवण्यात माझी उमेद गेली. घरात मात्र दोघांचा निकाल एकच लागला. आई "तुझं घर" म्हणायची आणि वागायचीही तशीच. फ्रिज विचारून उघडायची, खुर्चीच्या कडेवर बसायची. वरण चढवतानाही, "चालंन का गा तुले?" माझ्याच आईनं माझी परवानगी मागावी, याचा मला राग यायचा, आणि मग रडू यायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा भला मोठा पुतळा मिरवत नेऊन जाळतात. नागपूरकरांना हे सांगायला नको, इकडे जन्मलेल्या आपल्या पोरांसाठी सांगतो. त्या सकाळी आमच्याकडे घर झाडून केर दाराबाहेर काढायचा आणि ओरडायचं, रोगराई घेऊन जा गे मारबत! नुसतं झाडून भागत नाही, नुसतं ओरडूनही नाही. आणि हे फक्त आपल्या घरी. लहानपणी एकदा मावशीकडे मी तोंड उघडलं तर आईनं दटावलं होतं, "पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरची पीडा काढू नाही."

यंदा त्या सकाळी मला झाडूच्या आवाजानं जाग आली. दार सताड उघडं. आई जिन्यात उभी राहून खणखणीत ओरडत होती, "ह्या घरची रोगराई घेऊन जा गे मारबत! माह्या पोराचं एकटेपण घेऊन जा गे मारबत!"

खालच्या मजल्यावरची बाई घाबरून बाहेर आली. मी तिची माफी मागायला लागलो, तर आई माझ्यावरच उखडली.

"पाहून काय राहिला गा? ओरड ना! आपलंच तं घर आहे."

मी ओरडलो. अनवाणी, पायजम्यात, डोळे पुसत. नागपूर सुटल्याचं दुःख काही त्या केराबरोबर गेलं नाही, ते जायचंही नाही. पण ज्या घरची पीडा काढायला आपण हक्कानं दारात उभे राहतो, ते आपलं, एवढं मला आता कळलंय.

आई राहणार होती.